कमी दिसतं म्हणजे मोतीबिंदूच नव्हे

सोयाबीनची रास झाली, तूर निघाली, हातात चार पैसे आले की मग आईचा डोळा दाखवायचा, असं नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. आईला विचारलं तर तीही म्हणते, "मोतीबिंदू हाय, पिकू द्या." डॉक्टरांकडे न जाता घरीच केलेलं हे निदान पुष्कळदा बरोबर निघतं. आपल्या देशात उतारवयात नजर अधू होण्याचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच आहे. पण निदान चुकलेलं असलं, तर वाट पाहण्यात गेलेल्या त्या चार महिन्यांत जी नजर जाते ती परत आणता येत नाही. मोतीबिंदू हा डोळ्यातल्या फक्त एका भागाचा आजार आहे. त्याच्या पुढे आणि मागे आणखी पाच-सहा भाग आहेत आणि त्यांतला कुठलाही बिघडला तरी तक्रार एकच असते, "कमी दिसतंय." काही बिघाड दोन महिने थांबतात, काही दोन तासही थांबत नाहीत.

लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांत नीटची तयारी करणारी हजारो मुलं डोळ्याची आकृती नावांसह काढून दाखवतात. तीच आकृती घरच्या माणसांच्या कामी यावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. बाहेरून आत जाऊ. प्रत्येक भाग काय करतो, बिघडला तर घरी कसा ओळखायचा आणि किती घाई करायची, ते पाहू.

सर्वांत पुढे पारपटल. बुबुळाचा काळा किंवा तपकिरी रंग आपल्याला दिसतो तो या पारदर्शक पटलातून. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, म्हणूनच ते पारदर्शक राहतं. त्याला लागणारा प्राणवायू ते अश्रूंच्या थरातून थेट हवेतून घेतं. प्रकाश वळवण्याचं दोन तृतीयांश काम भिंग करत नाही, हे पारपटल करतं. मज्जातंतूंचं जाळं इथे इतकं दाट आहे की धुळीचा कणही सहन होत नाही. ती वेदना म्हणजे या नाजूक पटलाचं संरक्षण आहे.

आपल्या भागात या पटलाला सर्वांत मोठा धोका शेतातून येतो. उसाचं पातं, तुरीचं धसकट, मळणी यंत्रातून उडालेला भुसा लागून बारीक ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरली की काही दिवसांत पांढरा ठिपका उमटतो आणि डोळा लाल होऊन पाझरू लागतो. तो बरा झाला तरी मागे पांढरा व्रण राहतो. गावाकडे त्यालाच डोळ्यात फूल पडलं म्हणतात. या टप्प्यावर सर्वांत जास्त नुकसान होतं ते मेडिकलवरून कुणाच्या तरी सांगण्यानं आणलेल्या थेंबांनी. त्यांत स्टेरॉइड असलं तर लाली झटकन उतरते, बरं वाटतं आणि बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. शेतात काही लागून डोळा दुसऱ्या दिवशीही लाल असेल, तर मध, तूप, अंगावरचं दूध, पाल्याचा रस यांतलं काहीही न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. मळणीच्या वेळी साधा प्लास्टिकचा चष्मा घातला तरी यांतल्या बऱ्याच जखमा टळतात.

आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली, तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी. लहान मूल ती दाबतं, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात जातो. चुना अल्कली आहे, तो पारपटल जाळत आत उतरत राहतो. अशा वेळी गाडी शोधू नका, आधी पाणी शोधा. मुलाला आडवं करून पापण्या उघड्या धरा आणि स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडा. पापणीच्या आत अडकलेले चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापडानं टिपून काढा आणि मगच दवाखान्याकडे निघा. पहिल्या काही मिनिटांत ओतलेलं पाणी नंतरच्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त डोळा वाचवतं. दुसरी गोष्ट रुईचा चीक. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडताना चिकाचा हात डोळ्याला लागतो. हा चीक फसवा आहे, कारण बऱ्याचदा तो फारसा दुखत नाही, फक्त नजर धुरकट होते. पारपटलाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशींवर त्याचा परिणाम होतो आणि त्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. तेव्हा दुखत नसलं तरी डोळा भरपूर धुऊन तपासून घ्यायचाच.

पारपटल पार पांढरं झालं तर ते बदलता येतं, तेही दुसऱ्या माणसाच्या नेत्रदानातूनच. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीनं थोडं उंच करायचं आणि जवळच्या नेत्रपेढीला किंवा सरकारी रुग्णालयाला कळवायचं. गेलेल्या माणसाला चष्मा होता, मधुमेह होता किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी नेत्रदान करता येतं.

पारपटल आणि भिंग यांच्यामधल्या जागेत एक पातळ द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातल्या बारीक चाळणीतून बाहेर पडत असतो. विष्णुपुरी धरणात वरून पाण्याची आवक चालू असताना दरवाजे उघडले नाहीत तर काय होईल, हे नांदेडकरांना सांगावं लागत नाही. डोळ्यातही तेच होतं. आवक चालू राहते, निचरा अडतो आणि आतला दाब वाढतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. वाढलेल्या दाबाचा मार बसतो तो थेट मागच्या दृष्टिचेतेवर, म्हणजे ज्या नसेनं डोळ्याचा संदेश मेंदूकडे जातो तिच्यावर. हाच काचबिंदू. दाब वाढलेला नसतानाही तो होऊ शकतो, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नस पाहावीच लागते.

काचबिंदूत बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. नजर कडेकडेनं आत आत जाते आणि समोरचं मात्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. माणूस पेपर वाचतो, पण चौकटीला खांदा आपटतो, पायरी चुकतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. गेलेली नजर औषधानं किंवा ऑपरेशननं परत येत नाही, उरलेली राखता येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी एकाला काचबिंदू असेल तर बाकीच्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यावी आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं एकदा तरी करावी. थेंब सुरू झाले की ते सहसा आयुष्यभर चालतात. बाटली संपली, बरं वाटतंय, म्हणून थांबायचं नाही.

याच आजाराचं दुसरं रूप एका रात्रीत येतं. एका बाजूचं डोकं फुटेल असं दुखतं, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतात. उलट्या पाहून पित्ताची गोळी दिली जाते आणि सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. डोकेदुखी आणि उलट्यांबरोबर एक डोळा लाल झालेला दिसला तर ते पित्त समजू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुलांचे डोळे खाजतात, ती अॅलर्जी असते. दर उन्हाळ्यात त्याच जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. ते महिनोन् महिने घातले तर कोवळ्या वयात काचबिंदू होतो आणि तोही न बोलता. डोळे सारखे चोळल्यानं पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा धोका वेगळाच. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, दुपारच्या धुळीतून जपा आणि थेंब कोणते व किती दिवस, हे दर वेळी नव्यानं डॉक्टरांना विचारा.

बुबुळाचं काम सोपं आहे. मध्यभागची बाहुली उजेडात सुमारे २ मिलिमीटरपर्यंत लहान करायची आणि अंधारात ८ पर्यंत मोठी. पालकांसाठी मात्र एक खूण महत्त्वाची आहे. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोंत एकच बाहुली पुन्हा पुन्हा पांढरी येत असली, तर पुढच्या लसीकरणाची वाट पाहू नका. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. वेळेत सापडला तर त्या कर्करोगातून बाळ वाचतं.

बुबुळाच्या मागे भिंग. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास आणि तेही बिनरक्ताचं. जवळचं पाहताना त्याच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि भिंग फुगीर होतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं, तेव्हा चाळिशी लागते. तो आजार नव्हे. भिंगातली प्रथिनं जन्मभर बदलली जात नाहीत. ती हळूहळू गढूळ होतात, तो मोतीबिंदू. साठीनंतर एखाद्याला अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं आणि घरात कौतुक होतं. पुष्कळदा ती मोतीबिंदूचीच सुरुवात असते. भिंगाचा गाभा घट्ट झाल्यानं जवळचा नंबर काही काळ सुटतो आणि लांबचं बिघडतं.

पिकू द्यायचा हा सल्ला एके काळी खरा होता. तेव्हा अख्खं भिंग काढावं लागे आणि पिकलेलं काढणं सोपं जाई. आज भिंगाची पिशवी जागेवर ठेवून आतला गढूळ भाग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली असं पहिलं भिंग बसवलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे शरीर सहन करतं, हे त्यांनी पाहिलं होतं. या शस्त्रक्रियेला महाराष्ट्रात घराघरात पोहोचवणारे डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे. त्यांच्या हातून लाखाहून अधिक मोतीबिंदू निघाले आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच जिल्ह्यात अजून माणसं मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसतात, याचं मला वाईट वाटतं. पिकून कठीण झालेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. अतिपिकलेला फुगून किंवा गळून डोळ्यातला दाब वाढवतो आणि मग नसच जाते. सुईत दोरा जाईना, एसटीची पाटी वाचता येईना, नोट ओळखता येईना, म्हणजे रोजचं काम अडू लागलं, की ऑपरेशनची वेळ झाली. त्यासाठी हिवाळाच हवा असं काही नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत, कुणी विकले तरी घेऊ नका.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं किंवा दिसणं कमी झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत जा, जंतुसंसर्ग असू शकतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर मोतीबिंदू परत आला असं नव्हे. मागची पिशवी गढूळ झालेली असते आणि ती लेझरनं काही मिनिटांत मोकळी करता येते.

भिंगामागे डोळ्याची सगळी पोकळी भरणारा पारदर्शक जेलीसारखा पदार्थ आहे, सुमारे चार मिलिलिटर आणि त्यात जवळजवळ सगळं पाणीच. वयानुसार तो पातळ होतो आणि त्यातल्या तंतूंची सावली डोळ्यापुढे फिरते. एखादी माशी वर्षानुवर्षं फिरत असेल तर काळजी नको. पण अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूनं सावली सरकत आली, तर मागचा पडदा फाटतो किंवा सुटतो आहे असं समजा. एक दिवसही दवडू नका. नुसती फाट असेल तर लेझरनं भागतं, पडदा सुटला तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

हा धोका जाड नंबरवाल्यांना जास्त असतो आणि इथे शिकवणीतल्या मुलांचा विषय येतो. जन्मतः डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठेपणी २४ च्या आसपास. तो प्रमाणाबाहेर एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच ते तीनचा उणे नंबर येतो. म्हणजे उणे सहा-सात नंबरचा डोळा दोन-अडीच मिलिमीटरनं ताणलेला आहे आणि त्याच्याबरोबर आतला पडदाही. लेझरनं चष्मा घालवला तर पारपटलाचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे पडद्याची तपासणी दर वर्षी करावीच लागते. लहान वयात रोज दोनेक तास मोकळ्या उजेडात घालवणाऱ्या मुलांत उणे नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. आठवीपासून शिकवणी लावणाऱ्या पालकांनी संध्याकाळचं मैदान वेळापत्रकातून काढू नये, असं मी कळकळीनं सांगेन.

आता दृष्टिपटल, म्हणजे ज्याला आपण पडदा म्हणतो. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी दहा कोटींच्या आसपास. वाचणं, चेहरा ओळखणं हे सगळं मधल्या काही मिलिमीटरच्या पिवळसर ठिपक्यावर चालतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की इथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, बंद पडतात आणि त्यांच्या जागी कच्च्या नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या वाहिन्यांतून एक दिवस आत रक्त सांडतं आणि डोळ्यापुढे अंधार होतो. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत माणसाला तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येत असू शकते. म्हणून, मला चांगलं दिसतं, हे मधुमेह असलेल्यानं तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. साखर सापडली त्याच वर्षी पडदा तपासायचा आणि पुढे दर वर्षी. लेझर आणि डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनं नुकसान थांबवतात, गेलेलं सगळं परत देत नाहीत. चष्म्याच्या दुकानात नंबर मिळतो, पडद्याची तपासणी होत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगा.

रातांधळेपणा दोन वाटांनी येतो. लहान मुलांत अ जीवनसत्त्व कमी पडल्यानं, आणि तो भरून निघतो. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मिळतात, त्यांतला एकही चुकवू नये. दुसरा रातांधळेपणा आनुवंशिक, दंडपेशी झिजत जाण्याचा. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. घराण्यात कुणाला तरुणपणीच संध्याकाळनंतर दिसेनासं झालं असेल, तर नात्यात सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांशी जरूर बोला. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनानं जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासावा लागतो. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा.

सर्वांत मागे दृष्टिचेता, दहा लाखांहून जास्त तंतूंची. ती पडद्यातून बाहेर पडते तिथे एकही प्रकाशपेशी नसते. कागदावर डावीकडे फुली आणि आठ सेंटिमीटर उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्यानं फुलीकडेच पाहत कागद हातभरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण एका फुटावर ठिपका नाहीसा होईल. दोन्ही डोळे उघडे असले की हे कधी जाणवत नाही, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो. एक डोळा अधू होऊनही माणसाला वर्ष-वर्ष पत्ता लागत नाही, तोही याचमुळे. म्हणून महिन्यातून एकदा, लहान मुलांसकट घरातल्या प्रत्येकाचा एकेक डोळा तळहातानं झाकून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला लावा. एका डोळ्याला रेघा वाकड्या दिसल्या, मधला आकडा पुसट दिसला किंवा मूल एक डोळा झाकल्यावरच रडू लागलं, तर ती खूण आहे. मुलाचा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सुधारायला हवा, पुढे ते अवघड होत जातं. आणि एका डोळ्याचं दिसणं न दुखता एकाएकी गेलं तर त्या डोळ्याची धमनी बंद झालेली असू शकते. तो डोळ्याचा पक्षाघातच, हाताशी फक्त काही तास असतात.

तपासणीसाठी लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत नेत्रविभाग आहेत. उदगीरला लायन्स नेत्र रुग्णालय आहे, जालन्याला गणपती नेत्रालय. गुंतागुंतीच्या डोळ्यांसाठी आपल्या भागातली माणसं हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतही जातात. काही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, त्याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. जाताना जुना चष्मा, साखरेचा ताजा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि थेंबांच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा न्या. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास ऊन खुपतं आणि जवळचं धूसर दिसतं. तेव्हा मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. आणि थेंब घातलेच नाहीत तर विचारा, "डॉक्टर, पडदा पाहिलात का?"